चित्रास लाविलेलें कुलूप

कुलपें दोन प्रकारचीं असतात. एक वस्तूच्या भोंवतीं घालावयाचें आणि दुसरें वस्तूच्या आंतच घालावयाचें. धान्याच्या कोठीस, दागिन्यांच्या पेटीस किंवा दिंडीदरवाजास आपण जें लावतों तें पहिल्या प्रकारचें. तेथें वस्तु आहे तशीच राहते. फक्त तिच्यापर्यंत जाण्याची वाट बंद होते. परंतु जी वस्तु आकाशांतून सोडावी लागते, किंवा सगळ्या गल्लीच्या माथ्यावरून एकाच तारेनें न्यावी लागते, तिच्याभोंवतीं भिंत कशी घालावी ? तेथें त्या वस्तूचें रूपच असें विस्कटून सोडावें लागतें कीं, ज्यास विस्कटण्याचा नियम ठाऊक आहे त्यासच ती पूर्ववत् करतां यावी. या दुसऱ्या प्रकारच्या कुलपाचा विचार या महिन्याच्या सदरांत करावयाचा आहे. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या आपल्या उपनगरांतील पुष्कळ घरांत असें एक कुलूप टीव्हीच्या शेजारीं बसलेलें असतें. त्याचे पैसे आपण दरमहा भरतों. तें करतें काय, हें मात्र घरांत बहुधा कोणासच सांगतां येत नाहीं.

विषय निघण्यास निमित्त एका वाचकभगिनीच्या प्रश्नाचें. त्या विचारतात : "आमच्या एकत्र कुटुंबांत पूर्वीं एका केबलवर तीन टीव्ही चालत. सासूबाईंच्या खोलींत एक, दिवाणखान्यांत एक, धाकट्या जावेकडे एक. पैसे एकाच जोडणीचे. आतां प्रत्येक टीव्हीस निराळा बॉक्स आणि निराळा आकार. तार तीच, घर तेंच, माणसें तींच. मग हा भेद कोठून आला? आणि पूर्वीं आम्हीं तिघींनीं पाहिलें ती काय चोरी होती ?" प्रश्न वरवर पैशाचा दिसला तरी त्यांत यंत्राचें मर्म आहे आणि नीतीचेंही आहे. म्हणून उत्तर देण्यापूर्वीं मुळापासून आरंभ करूं.

वर्गांत शुद्धलेखन घालतांना गुरुजी मजकूर सांगत जातात आणि मधून मधून "नवी ओळ" म्हणतात. मुलांचा हात उजव्या कडेवरून पुनः डाव्या कडेस येतो. जुन्या, म्हणजे अ‍ॅनालॉग, दूरचित्रवाणीचा सारा व्यवहार याच रीतीचा होता. आपल्या देशांतील पद्धतींत एक संपूर्ण चित्र ६२५ आडव्या ओळींचें धरलेलें असे, आणि अशीं २५ चित्रें एका सेकंदांत येत. म्हणजे सेकंदास १५,६२५ ओळी झाल्या. प्रत्येक ओळीच्या वांट्यास ६४ मायक्रोसेकंद येतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहालक्षांश. ज्यांस ताळा पाहण्याची हौस असेल त्यांनीं १५,६२५ यांस ६४ नीं गुणून पाहावें. उत्तर बरोबर दहा लक्ष येतें. इतका नेटका हिशेब असल्याविना हें यंत्र चालतच नाहीं.

या ६४ मायक्रोसेकंदांपैकीं चित्राचा मजकूर असतो तो सुमारें ५२ मायक्रोसेकंदांचा. उरलेल्या बारांत चित्र नसतेंच. तो ओळीच्या दोहों बाजूंचा समास. त्या समासांत सुमारें पावणेपांच मायक्रोसेकंदांचा एक ठोका येतो. तोच गुरुजींचा "नवी ओळ" हा शब्द. त्याच्या पाठोपाठ, रंगीत चित्र असेल तर, रंग ओळखण्यासाठीं एक बारीकसा सूर येतो. गायकास तंबोऱ्याचा जसा आधार, तसा यंत्रास रंगासाठीं या सुराचा. आतां एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. आपल्या पद्धतींत संकेत उलटा होता : चित्राचा बिंदु जितका काळा तितकी लहर उंच, जितका पांढरा तितकी ठेंगणी. आणि "नवी ओळ" हा ठोका काळ्याहूनही उंच, म्हणजे सर्वांत उंच. यंत्र बिचारें आंधळें. जें सर्वांत उंच तेंच ओळीचें टोंक, एवढें एकच ज्ञान त्यास दिलेलें. कुलूप करणारांनीं पहिला घाव घातला तो या भाबडेपणावरच.

त्याही आधींची एक ओबडधोबड युक्ति होती, ती सांगून टाकतों. तारेंतून अनेक वाहिन्या एकदम येतात. परंतु जशी वाड्यांत प्रत्येक बिऱ्हाडास आपली खोली, तशी प्रत्येक वाहिनीस लहरींची आपली मर्यादा ठरलेली असते. अमेरिकेंतील केबलवाले पैसे न भरणाऱ्याच्या घराकडे जाणाऱ्या तारेवर, खांबापाशींच, एक लहानशी नळकांडी बसवीत. ती नेमकी त्या एका वाहिनीच्या लहरी गिळून टाकी आणि बाकीच्या जाऊं देई. कोठें याच्या उलट करीत : चित्राची लहर व आवाजाची लहर यांच्या मधोमध एक कर्कश लहर मुद्दाम मिसळून देत, म्हणजे सर्वांचेंच चित्र बिघडे, आणि ज्यानें पैसे भरले त्यास ती कर्कश लहर गाळणारी नळकांडी देत. पहिल्या रीतींत न देणाऱ्याच्या दारीं पहारा. दुसरींत देणाऱ्याच्या हातीं किल्ली. दोन्हींत खांबावर माणूस चढवावा लागे, हा मोठा दोष.

म्हणून मग ठोक्याची युक्ति निघाली. चित्र जसेंच्या तसें पाठवावयाचें, परंतु "नवी ओळ" हा शब्द इतक्या हळू उच्चारावयाचा कीं तो चित्राच्या करड्या छटांच्याही खालीं जावा. मग यंत्र काय करतें ? तें सर्वांत उंच लहर शोधीत असतें. ठोका दबलेला, तेव्हां पडद्यावर नायिकेचा काळाभोर केशपाश आला कीं तीच उंच लहर, आणि यंत्र त्यासच ओळीचें टोंक समजून तेथून नवी ओळ सुरू करतें! चित्र मधोमध फाटतें, तिरपें होतें, जुन्या आरशांत पाहिल्यासारखें लवतें, आणि समासाची काळी पट्टी पडद्याच्या मध्यावर नदीसारखी वाहूं लागते. पैसे भरणाऱ्याच्या घरांतील पेटी दबलेला ठोका पुनः उचलून धरते. तो नेमका केव्हां उचलावा, याची खूण पुष्कळदां आवाजाच्या लहरींत लपवून पाठवीत. आवाज लहरीच्या कंपनसंख्येंत भरलेला असतो, तिच्या उंचीकडे टीव्ही पाहतच नाहीं. म्हणून ती खूण उंचीवर स्वार होऊन निमूटपणें येई व फक्त पेटीसच कळे. यांतच आणखी एक भर घालीत : काळ्याचें पांढरें आणि पांढऱ्याचें काळें करीत. छायाचित्राच्या उलट्या काचेसारखें तें दिसे. माणसें ओळखूं येत, पण पाहण्याची गोडी जाई.

परंतु हीं सारीं कुलपें एकाच ठरीव नियमाचीं होतीं, आणि नियम ठरीव असला कीं तो कोणी तरी शिकतोच. आपल्या घरांतील मुलें 'च'ची भाषा बोलतात ना ! शब्दाचें पहिलें अक्षर उचलून शेवटीं टाकावयाचें आणि त्याच्या जागीं 'च' घालावयाचा. 'कमळ' याचें 'चमळक' होतें. पहिल्या दिवशीं आजीस कांहीं कळत नाहीं, आठवड्यानें ती मुलांहून भरभर बोलूं लागते. आपल्या प्राचीनांस हें ठाऊक होतें. चौसष्ट कलांच्या यादींत 'म्लेच्छितविकल्प' नांवाची जी कला येते ती हीच : शब्द ओळखीचे, पण ठरलेल्या रीतीनें फिरविलेले, म्हणजे संकेत जाणणाऱ्यासच अर्थ लागावा. महाराष्ट्रांतील करपल्लवीही त्याच कुळांतली. बोटांच्या खुणांनीं अक्षरें दाखवावयाचीं. शेजारीं बसलेल्या परक्यास तीं केवळ हातवारे वाटावे.

तेव्हां ठरीव नियमाऐवजीं पालटता नियम आणावा लागला. फ्रान्समध्यें 'कनाल प्ल्यू' नांवाची, वर्गणी भरणाऱ्यांसाठींचीच, वाहिनी १९८४ च्या नोव्हेंबरांत सुरू झाली. तिनें वापरलेल्या युक्तींत ओळ कांहीं वेळां वेळेवर सोडीत, कांहीं वेळां सुमारें नऊ दशांश मायक्रोसेकंद उशिरां, तर कांहीं वेळां त्याच्या दुप्पट उशिरां. उशीर केवढा, तर पडद्याच्या रुंदीच्या सुमारें साठाव्या भागाएवढा. परंतु कोणती ओळ किती उशिरां सोडावयाची हें एका किल्लीच्या आंकड्यावरून ठरे. त्यामुळें उभी सरळ भिंत करवतीच्या दांत्यांसारखी दिसे. आवाजाचेंही असेंच : उंच स्वर खालीं आणि खालचे वर, अशी उलथापालथ करून पाठवीत, निवेदक जणूं पाण्याखालून बोलतो आहे असा भास होई.

पुढें याहून कठीण रीति निघाल्या. एका रीतींत पेटी बत्तीस ओळी आपल्या स्मृतींत धरी आणि आलेला क्रम पालटून योग्य क्रमानें पडद्यावर सोडी. पाठविणारानें तो क्रम आधींच मोडलेला असे. संस्कृत वाङ्मय वाचलेल्यास येथें चित्रकाव्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. नवव्या शतकांतील रुद्रटानें आपल्या काव्यालंकारांत तुरगपदबंध सांगितला आहे. अनुष्टुभाचीं बत्तीस अक्षरें बुद्धिबळाच्या अर्ध्या पटावरील बत्तीस घरांत लिहावयाचीं आणि घोड्याच्या चालीनें वाचावयाचीं. वेदान्तदेशिकांच्या पादुकासहस्रांत तर एका श्लोकाचीं अक्षरें घोड्याच्या चालीनें वाचलीं कीं लगतचा दुसराच श्लोक हातीं येतो. घोड्याची चाल ही तेथली किल्ली. ती ठाऊक नसेल त्यास दुसरा श्लोक तेथें आहे याचा पत्ताही लागत नाहीं. बत्तीस अक्षरें आणि बत्तीस ओळी हा संख्येचा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो, परंतु तो योगायोगच. त्यावरून युरोपियनांनीं आपली विद्या नेली असें कोणी कृपा करून म्हणूं नये.

दुसरी रीति ब्रिटनमधील उपग्रह-वाहिन्यांनीं १९९० च्या सुमारास घेतली. तींत प्रत्येक ओळ मध्येंच कापावयाची आणि मागचा तुकडा पुढें, पुढचा मागें लावावयाचा. 'कमळ' याचें 'मळक'. कापण्याच्या जागा २५६, आणि प्रत्येक ओळीस निराळी जागा. पेटींत बँकेच्या कार्डासारखें एक कार्ड घालावयाचें. कोणती ओळ कोठें कापली आहे याचा हिशेब त्या कार्डाच्या साह्यानें लागे. पडदा पाहावा तर रंगीत दाण्यांची रांगोळी विस्कटावी तसा.

इतकें करूनही हीं कुलपें उघडलीं, आणि किल्ली न चोरतां उघडलीं, हा या विषयांतील सर्वांत बोधप्रद भाग. चित्राचा एक स्वभाव आहे : कोणतीही ओळ आपल्या वरच्या व खालच्या ओळीसारखीच असते. आकाशाच्या ओळीखालीं आकाशाची ओळ, नऊवारी लुगड्याच्या कांठाखालीं कांठच. म्हणून विस्कटलेल्या ओळी घेऊन, कोणती कोणाच्या शेजारीं शोभते आणि कापलेला तुकडा किती सरकवला म्हणजे वरच्याशीं जुळतो, एवढेंच संगणकानें भरभर ताडून पाहिलें कीं चित्र पुनः उभें राहतें. १९९० नंतरच्या दशकांत तसें झालेंही. त्याचें कारण उघड आहे. अ‍ॅनालॉग कुलूप वस्तूचा क्रम लपवितें, वस्तु लपवीत नाहीं. फाडलेल्या पत्राचे तुकडे टोपलींत टाकले तरी अक्षरें तुकड्यांवर असतातच. वेळ आणि चिकाटी असली कीं पत्र जुळतें.

आतां आपल्या घराकडे येऊं. मुंबईंत दूरदर्शन केंद्र सुरू झालें तें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं. त्या काळीं कुलूप नव्हतें आणि त्याची गरजही नव्हती. गच्चीवर अँटेना वरळीच्या रोखानें फिरविली कीं झालें. १९८० नंतरच्या दशकांत उंच इमारतींतून एकाच यंत्रावरील व्हिडिओ सर्व बिऱ्हाडांस तारेनें दाखविण्याची प्रथा पडली. १९९१ च्या जानेवारींत आखाती युद्ध उपग्रहावरून घरबसल्या दिसूं लागलें, त्याच वर्षीं स्टार टीव्ही आला, आणि १९९२ च्या ऑक्टोबरांत झी टीव्ही. मग आपल्या उपनगरांतून एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर, नारळाच्या झाडास वळसा घालून, काळी तार धांवूं लागली. कोणा होतकरू तरुणानें गच्चीवर छत्री बसवावी, जिन्याखालच्या खोलींत यंत्रें मांडावीं आणि आसपासच्या चाळींस व सोसायट्यांस तार द्यावी, असा तो धंदा वाढला.

पैसे घेणाऱ्या वाहिन्या आल्या तेव्हां त्यांनीं कुलूप लावलें. परंतु कोठें ? आकाशांतून येणाऱ्या लहरींस. ती लहर केबलवाल्याच्या खोलींत उतरे, तेथें त्याच्याजवळच्या पेटीनें कुलूप उघडे, आणि तेथून पुढें आपल्या घरापर्यंत चित्र उघडेंच येई. वर वर्णिलेलीं तीं नळकांडीं, दबलेले ठोके, कापलेल्या ओळी हा सारा खटाटोप आपल्या तारेंत सहसा कोणी केला नाहीं. हजारों लहान केबलवाले, प्रत्येकाची खोली निराळी, तेथें प्रत्येक वाहिनीस विस्कटणारें यंत्र आणि प्रत्येक घरास जुळविणारी पेटी देणार कोण? थोडक्यांत, कुलूप वेशीच्या दरवाजाला होतें. गांवांतल्या घरांस नव्हतें.

एकदां वेस उघडली कीं आंत मोजणार कोण ? वाहिनी केबलवाल्यास विचारी, "तुझीं घरें किती ?" तो सांगेल तो आंकडा. मोजणारा आणि मोजणीवर पैसे देणारा एकच असला म्हणजे काय होतें हें सांगावयास नको. घरांचा आंकडा कमी सांगितला जाई. वाहिनीवाले तें ओळखून दर वाढवीत. दर वाढला कीं आंकडा आणखी खालीं येई. आणि दोघांचें जमलें नाहीं म्हणजे एके संध्याकाळीं एखादी वाहिनी अकस्मात् नाहींशी होऊन आपल्या पडद्यावर मुंग्या दिसत. यांत केबलवाल्यास एकट्यास दोष देणें न्यायाचें नव्हे. भर पावसांत रात्रीं दहा वाजतां शिडी घेऊन येणारा तोच असे. दोष व्यवस्थेचा होता : तींत गृहस्थाच्या शब्दास स्थानच नव्हतें. केवळ सकाळच्या बातम्या पाहणारे आजोबा आणि दिवसभर सिनेमे लावणारा शेजारी, दोघेही सारखेंच देत. अमुक वाहिनी नको, असें म्हणण्याची सोयच नव्हती. कारण तार उघडी होती, आणि उघड्या तारेंतून एक थेंब वेगळा काढतां येत नाहीं.

सरकारनें केबलच्या व्यवसायासाठीं १९९५ सालीं कायदा केला, आणि २००२ च्या दुरुस्तीनें, पैसे घेणाऱ्या वाहिन्या घराघरांतील पेटींतूनच उघडाव्या असें ठरविलें. चेन्नईंत १ सप्टेंबर २००३ पासून तें अमलांत आलें. मुंबई, दिल्ली व कलकत्ता या शहरांच्या दक्षिण भागांत मात्र तें न्यायालयांतील वादानंतर २००६ चें वर्ष संपतां संपतां सुरू झालें. पैसे घेणाऱ्या वाहिनीस दरमहा जास्तींत जास्त ५ रुपये, आणि फुकट वाहिन्यांच्या निदान तीस वाहिन्यांच्या संचास ७७ रुपये, असा दर त्या वेळीं ठरला होता. आपलीं उपनगरें त्याबाहेर राहिलीं. दक्षिण मुंबईंतल्या मामाकडे पेटी आणि मुलुंडच्या भाच्याकडे उघडी तार, असें कांहीं वर्षें चाललें. पुढें २०११ च्या दुरुस्तीनें केबलचा सारा व्यवहार अंकीय पद्धतीवर, पेटीसह, नेण्याचें ठरलें; आणि ३१ ऑक्टोबर २०१२ च्या मध्यरात्रीं मुंबईची अ‍ॅनालॉग केबल संपली. म्हणजे आपण उपनगरवासी वेशीच्या कुलपावरून एकदम घरच्या कुलपावर आलों. मधल्या पायऱ्या, ज्या फ्रान्सनें आणि इंग्लंडनें चढल्या, आपल्या वांट्यास आल्याच नाहींत.

अंकीय कुलपांत आणि जुन्या कुलपांत फरक कोणता ? येथें चित्र लहर म्हणून येतच नाहीं. तें आंकड्यांची रांग होऊन येतें, आणि त्या आंकड्यांवर किल्लीच्या आंकड्यांचा असा संस्कार केलेला असतो कीं शेजारच्या ओळींचें साम्य मुळींच उरत नाहीं. पत्र फाडलेलें नसतें. त्यावरचीं अक्षरेंच पालटलेलीं असतात. किल्ली दर कांहीं सेकंदांस बदलते. प्रत्येक पेटीस आपला क्रमांक असतो. मुख्य केंद्र तारेंतूनच "अमुक क्रमांकास अमुक वाहिन्या" अशी आज्ञा पाठवितें आणि पेटी तेवढ्याच उघडते. शिवाय जुन्या एका वाहिनीच्या जागेंत आठ-दहा नव्या मावतात. घरें मोजण्याचें काम केबलवाल्याच्या वहींतून निघून यंत्राकडे गेलें. त्यासरशीं त्या गल्लींतल्या तरुणाची सत्ताही पुष्कळ अंशीं गेली, हेंही नमूद केलें पाहिजे.

आतां वाचकभगिनीच्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे. पूर्वीं तारेंतून सर्व वाहिन्या उघड्या येत. तार दोन ठिकाणीं फोडली कीं प्रत्येक शाखेस निम्मेंच बळ मिळे. तीन ठिकाणीं फोडली कीं आणखी कमी. म्हणूनच धाकट्या जावेच्या खोलींत मुंग्या अधिक दिसत असतील. परंतु प्रत्येक टीव्ही आपल्यास हवी ती वाहिनी स्वतः निवडूं शके. आजची साधी पेटी एका वेळीं एकच वाहिनी उघडते. तिची तार तीन टीव्हींस जोडली तर चित्र तिन्हींवर दिसेल, पण एकच. सासूबाईंनीं कीर्तन लावलें कीं तिघींनींही कीर्तन ऐकावें! तिघींस तीन निराळ्या वाहिन्या हव्या असतील तर तीन पेट्या हव्यात, हा यंत्राचा नियम. परंतु तीन पेट्यांवर तीन पुरते आकार द्यावे, हा यंत्राचा नियम नव्हे; तो दराचा प्रश्न, आणि दर माणसें ठरवितात. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें १ जानेवारी २०२० च्या दुरुस्तीनें, एकाच घरांतील दुसऱ्या व पुढील टीव्हीसाठीं तारेच्या वापराचा आकार पहिल्याच्या चाळीस टक्क्यांहून अधिक नसावा, असें ठरविलें. म्हणजे घर एक आहे ही गोष्ट सरकारासही पटलेली दिसते. हे नियम वरचेवर पालटत आले आहेत. म्हणून भगिनीनें केबलवाल्याकडून प्रत्येक पेटीची निराळी फोड असलेलें बिल लेखी मागावें. तोंडी आंकड्यानें वीस वर्षें काय झालें तें वर सांगितलेंच आहे.

आणि चोरीचा प्रश्न ? जोडणी राजरोस, पैसे दरमहा भरलेले, तार आपल्याच घरांत फोडलेली. त्यास चोरी म्हणणें मला योग्य दिसत नाहीं. शेजाऱ्याच्या तारेस रात्रीं टांचणी टोंचून घेणें निराळें. परंतु एक विचार मात्र मनांत येतो. ज्या व्यवहारांत कुलूप नसतें, तेथें मोजमाप माणसाच्या शब्दावर चालतें. आणि शब्द सैल झाला म्हणजे कुलूप येतें. तें आल्यावर तें कोणाचें घर एकत्र आणि कोणाचें विभक्त हें पाहत नाहीं. त्यास फक्त पेट्या दिसतात. शब्दानें चालणाऱ्या व्यवहारांत तीन खोल्यांचें एक घर होतें. यंत्राच्या वहींत त्याच घरांत तीन ग्राहक झाले. एकत्र कुटुंब म्हणजे एक चूल, एवढेंच आपण समजत होतों. आतां तें एक बिल आहे किंवा नाहीं, हेंही पाहण्याची वेळ आली आहे.

म्हणून माझी सूचना इतकीच आहे. येत्या महिन्याचें बिल आलें म्हणजे रविवारीं जेवणानंतर घरांतील सर्वांनीं एकत्र बसावें, वाहिन्यांची यादी मोठ्यानें वाचावी आणि गेल्या महिन्यांत घरांतील एकानेंही जी उघडली नाहीं तिच्यापुढें पेन्सिलीनें खूण करावी. २०१९ पासून वाहिन्या निवडून घेण्याची मोकळीक आपल्यास आहे; ती न वापरणें म्हणजे पूर्वींच्या उघड्या तारेसारखेंच झालें. त्या बैठकींत थोडा वाद होईल. आजोबांची वाहिनी नातवास नको असेल आणि नातवाची आजोबांस. होऊं द्यावा. पूर्वीं हा वाद वाहिनीवाले आणि केबलवाले आपल्या माघारीं घालीत असत, आणि निकाल आपण भरीत होतों. तो आतां आपल्याच ओसरीवर होणार असेल, तर कुलपाचे पैसे अगदींच वायां गेले असें म्हणतां येणार नाहीं.